‘घेतलं’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

सातपूरच्या कंपनीत स्टोअरला लागलास, अभिनंदन! ‘घेणे’साठी इंग्रजीत पाच-सहा क्रियापदं दिसली म्हणून बिचकू नकोस. आधी दोनच पक्की कर: बाय आणि गेट.

पैसे मोजून घेतलं की बाय. भद्रकालीच्या बाजारातून मेथीची जुडी घेतलीस, तर ‘आय बॉट मेथी’. गेटमध्ये पैसे आलेच पाहिजेत असं नाही. विकत घेतलं, कुणी दिलं, जाऊन आणलं, सगळं त्यात बसतं. परचेस म्हणजे बायच, पण इस्त्री केलेला. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर शोभतो, मेथीला लावलास तर लोक हसतील.

नवखे अडकतात ते इथे:
- बॉट आणि ब्रॉट. मध्ये ‘र’ आला की अर्थ ‘आणलं’. मी स्वतः वर्षभर रजिस्टरात ‘विकत घेतलं’च्या जागी ‘आणलं’ लिहीत होतो, साहेबांच्या लाल पेनाने शिकलो.
- ‘बायड’ असं रूपच नाही.
- ऑब्टेन किराण्याला नको. परवानगी, दाखला, म्हणजे खटपट करून मिळवायचं, त्याला तो.

अक्वायर, प्रोक्युअर सध्या कपाटात राहू दे. टेंडरची फाइल हातात आली की बघू. तोवर बाजारातून आलास की पिशवीतली एकेक वस्तू काढताना बॉट लावून वाक्य म्हण. घरचे हसले तरी चालेल.