वाचक विचारतात : गार, बर्फ आणि सफरचंदावरचा पट्टा

प्रश्न : परवा दुपारी आमच्या भागात गारांचा मारा झाला. अंगण पांढरंधोप झालं. वर्गातली मुलं ‘बर्फ पडला’ म्हणतात, मी ‘गारा’ म्हणते. फरक कसा सांगू? काका, तुमची नोकरी काश्मीरमध्ये झाली. उन्हाळ्याच्या तोंडावर खरा बर्फ पडलेला तुम्ही पाहिलाय का?
– एक शिक्षिका, पलूस

उत्तर : ताई, तुमचंच बरोबर आहे, त्या गाराच. वळवाच्या ढगात वारा पाण्याचे थेंब वर उचलून नेतो, तिथं ते गोठतात आणि त्यांच्यावर पापुद्र्यावर पापुद्रा चढत जातो. वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. मोठी गार मिळाली तर चिरून मुलांना दाखवा, कांद्यासारखी वलयं दिसतील. बर्फ ढगातल्या वाफेपासून पिसासारखा तयार होतो, आणि जमिनीलगतची हवा शून्याच्या आसपास असेल तरच तसाच खाली पोचतो. आपल्याकडं चैत्रात पारा चाळिशीला टेकलेला असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दिसतं, ते गोठलेलं दव.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, पाहिलाय, आणि तो दिवस मी विसरलेलो नाही.

मी सातारा तालुक्यातला, फौजेत ड्रायव्हर होतो. काश्मिरी लोक थंडीला नावं देऊन मोजतात. 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान, मग 20 दिवस चिल्लई खुर्द, शेवटचे 10 चिल्लई बच्चा. एवढं सरलं की माणसं मोकळा श्वास घेतात. एप्रिलमध्ये सफरचंद फुलतं. त्या वर्षीही फुललं होतं. मी शक्तिमान, म्हणजे फौजेचा ट्रक, घेऊन शोपियानच्या बाजूला रसद पोचवायला निघालो होतो. पहाटे पाऊस होता, उजाडेपर्यंत त्याचा बर्फ झाला.

हा उशिराचा बर्फ जानेवारीसारखा भुरभुरीत नसतो. ओला, जड, चिकट. फांदीवर बसला की उठत नाही. रस्त्यालगतच्या बागेत कडाड् आवाज आला, बघतो तर हाताएवढी फांदी फुलांसकट मोडून खाली लोंबत होती. एक म्हातारे बाबा फेरन (काश्मिरी लांब, सैल अंगरखा) घालून लांब काठीनं झाडं हलवत होते. पुढं रस्ता बंद असल्यानं आम्हाला थांबायचाच हुकूम होता. मी उस्तादांना, म्हणजे आमच्या वरिष्ठांना, विचारलं आणि खाली उतरलो. तासभर मीही फांद्या हलवल्या. बर्फाचा लगदा अंगावर पडायचा, त्यात फुलं. हातमोज्यावरचा बर्फ विरघळून गेला तरी गुलाबी कडेची एक पाकळी तशीच चिकटून राहिली होती.

बाबा काही बोलत नव्हते. असं गप्प बसलेलं माणूस मी पुढं आपल्याकडं पाहिलं. तासगावला माझ्या मेहुण्यांच्या द्राक्षबागेत, काढणीला आठ दिवस राहिले असताना गारा पडल्या. तडकलेले मणी दोन दिवसांत सडायला लागले, बेदाण्यालाही चालेनात. मेहुणे बांधावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसलो, बोलायला तोंडात शब्द नव्हता. मुलांना गारा वेचू द्या ताई, पण त्यांच्यात कुणाची बाग असेल तर त्या पोराला जवळ घेऊन विचारा.

सप्टेंबरात त्याच रस्त्यानं गेलो तेव्हा बाबांनी मला ओळखलं. झाडांवर फळ विरळ होतं. एक सफरचंद तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. त्याच्या कमरेभोवती खरबरीत तपकिरी पट्टा होता, दोरी आवळून बांधल्यासारखा. बाबांनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “एप्रिल.”