खोका नंतर, आधी प्रिंट बघा

चित्रपटांच्या डिस्कचे खास संग्राहकांसाठीचे सेट, म्हणजे कलेक्टर्स एडिशन, घ्यायला सुरुवात करताय, तर पहिली गोष्ट: स्टीलबुक (डिस्कची धातूची डबी), पोस्टकार्डं, जाडजूड पुस्तिका यांना भुलू नका. आत कुठली प्रिंट आहे ते विचारा. मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून (शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात होती त्या फिल्मवरून) नव्यानं ४के, म्हणजे जास्त बारकाव्यांचं, स्कॅन केलंय, की जुनंच मास्टर (डिस्क ज्यावरून बनवतात ती प्रत) नव्या खोक्यात घातलंय? मागच्या बाजूला नुसतं 'रिमास्टर्ड' लिहिलं असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही.

आणि ग्रेनला घाबरू नका. पडद्यावर हलणारे ते बारीक कण म्हणजे दोष नव्हे, ती फिल्मच आहे. काही कंपन्या ते पुसून टाकतात आणि मग नटांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसतात. मला विचाराल तर त्यापेक्षा चार ओरखडे परवडले.

आवृत्तीही तपासा. 'मेट्रोपोलिस' या जुन्या जर्मन मूकपटाचा हरवलेला बराचसा भाग २००८ मध्ये ब्यूनॉस आयर्सला सापडला. त्यामुळे त्याआधीचा कितीही देखणा सेट अपुराच.

रीजन कोडचं थोडक्यात: ब्लू-रेला ए, बी, सी असे विभाग असतात, प्लेअर जुळला नाही तर डिस्क चालत नाही. ४के डिस्कला ही कटकट नाही, पण सोबतच्या ब्लू-रेला असू शकते, आणि पुरवणी माहितीपट अनेकदा तिच्यावरच असतात!

सेट हातात आला की प्रत्येक डिस्क लगेच लावून बघा. वर्षभरानं सील फोडलंत, तर खराब डिस्क कोणी बदलून देत नाही.