‘हेच दिवे लावायचे का?’

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने वर्गमित्रांचा गट उभा करून अक्राणी तालुक्यातील दोन पाड्यांवर ४१ घरांत सौरदिवे बसवले. आता ती म्हणते की कॅम्पस प्लेसमेंटला बसणार नाही, हेच काम पुढे करणार. आमचे उत्पन्न बेताचे असून शैक्षणिक कर्जही आहे. इतके शिकून हिने हेच दिवे लावायचे का? – एक पालक, नंदुरबार

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या वाक्यातला राग मी काळजीच्या खात्यावर मांडतो, कारण कर्जाचा उल्लेख आपण त्याच्या अगदी आधी केला आहे.

देशातील शेवटच्या गावापर्यंत वीज पोचल्याचे २८ एप्रिल २०१८ रोजी जाहीर झाले, तेव्हा हे काम संपले असे अनेकांना वाटले. परंतु त्या वेळच्या व्याख्येनुसार शाळा, पंचायत यांसारख्या सार्वजनिक जागा आणि गावातील १० टक्के घरे जोडली गेली, की ते गाव विद्युतीकृत ठरत असे. उरलेल्या घरांसाठी सौभाग्य योजना आणावी लागली, आणि तार पोचलेल्या घरातही सायंकाळी स्वयंपाकाच्या वेळेला पुरेशा दाबाची वीज असतेच असे नाही. ऊर्जादारिद्र्य म्हणतात ते हेच. कन्येने निवडलेला प्रश्न खरा आहे, याबद्दल आपण निःशंक असावे.

तिच्या योजनेबद्दल मात्र मला एक शंका आहे. काही वर्षांपूर्वी सातपुड्यातील एका पाड्यावर मी सौर पथदिव्याची उतरवून ठेवलेली बॅटरीची पेटी पाहिली. आत बॅटरी नव्हती, एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. खांबावर पॅनल तेवढे लखलखत होते. दिवा पहिल्या दिवाळीपर्यंत चालला आणि पुढे दुरुस्तीला कोणाला बोलवायचे ते ठाऊक नव्हते, असे त्या घरच्या बाईंनी सांगितले. दिवे बसवून छायाचित्र काढणारे गट पुष्कळ आहेत. बसवलेले दिवे चालू ठेवणारा माणूस शोधून सापडत नाही, आणि या क्षेत्रात पगार त्यालाच मिळतो. डॉ. हरीश हांडे यांच्या सेल्को या कंपनीने १९९५ पासून कर्नाटकात गरीब घरांना सौरदिवे विकले, ते बँकेच्या कर्जाची सोय आणि जवळचे दुरुस्ती केंद्र यांच्या जोरावर.

म्हणून तिला एक काम सांगावे. या दिवाळीच्या सुट्टीत तिने त्या ४१ घरांत पुन्हा जावे आणि वहीत नोंद करावी : दिवा चालू की बंद, बॅटरीचे व्होल्टेज किती, बंद असल्यास कशामुळे, दुरुस्तीला किती दिवस लागले आणि पैसे कोणी दिले. निम्मे दिवे बंद निघाले तरी लपवू नयेत. मुलाखत घेणाऱ्या जाणत्या माणसाला त्या बंद दिव्यांची कारणेच ऐकायची असतात. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने घराघरांत छोटी यंत्रे बसवून वीज कधी जाते आणि दाब किती असतो, हे मिनिटामिनिटाला नोंदवले, त्यामुळे पुरवठ्याच्या तक्रारीला आकड्यांचा आधार मिळाला.

पुढच्या शिक्षणासाठी ‘गेट’ या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी तिने आतापासून करावी. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येते, आणि तेथे पाड्यावरचा अनुभव वाया जात नाही. ऊर्जेचा वापर तपासणाऱ्या ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा हाही एक मार्ग आहे, परंतु त्यासाठी पदवीनंतर कामाचा अनुभव लागतो.

प्लेसमेंटला तिने अवश्य बसावे. सौर प्रकल्पांची उभारणी किंवा देखभाल करणाऱ्या कंपनीत दोन वर्षे काढली, तर इन्व्हर्टर का जळतो, कंत्राट कसे लिहितात आणि हमीच्या मुदतीत पुरवठादार कशी टाळाटाळ करतो, हे सारे तिला दुसऱ्याच्या खर्चाने शिकता येईल. कर्जाचे हप्तेही त्याच पगारातून जातील. मात्र ‘आधी नोकरी, मग हे खूळ’ अशा शब्दांत आपण हे मांडू नये. तिने दोन्ही पाड्यांवर एकेका तरुणाला जोडणी तपासायला आणि बॅटरी बदलायला शिकवून ठेवले, तर नोकरीच्या काळातही काम थांबणार नाही.

वही भरून झाल्यावर तिलाच मला पत्र लिहायला सांगावे. ४१ पैकी किती दिवे चालू निघाले, ते तिने पहिल्याच ओळीत कळवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक