नव्या करारातला मूळ पगार आणि वडिलांचे दोन कोरे चेक

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातली. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. केलं. दोन वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका एजंटमार्फत शारजातल्या खासगी शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले. करार ३१ ऑगस्टला संपतो. शाळेने आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला आहे आणि पंधरा दिवसांत सही मागितली आहे. एकूण पगार ५,००० दिरहमचा ५,२०० होतोय, पण मूळ पगार ३,००० वरून २,००० झालाय. वर्षाला मिळणारं तिकीट बंद. मध्येच सोडलं तर ८,००० दिरहम आणि व्हिसाचा खर्च भरायचा, असंही कलम आहे. परत यावं असं वाटतं. पण अॅटेस्टेशनसाठी (सरकारी शिक्क्यांसाठी) घेतलेली माझी मूळ डिग्री एजंटने परत दिलेली नाही. शिवाय वडिलांच्या सहीचे दोन कोरे चेक त्याच्याकडे आहेत. "करार वाढवला नाही तर दीड लाखाचा चेक बँकेत टाकतो," असा फोन वडिलांना आला. काय करू?

उत्तर : आधी चेकचं बघू. तुमचा निर्णय सध्या त्या दोन कागदांच्या धाकाखाली होतोय आणि ते बरं नाही.

कोरा चेक म्हणजे नुसता कागद, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. सही केलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो कायदेशीर देण्यापोटी दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. देणं नव्हतं हे वडिलांनाच दाखवावं लागेल. तारखेची जागा मोकळी असल्याने एजंट हवी ती तारीख टाकू शकतो. म्हणून चेक वटायला जायच्या आधी पुरावा उभा करा. वडिलांनी चेकबुकातली उरलेली अर्धुकं काढून दोन्ही चेकचे नंबर शोधावेत. बँकेला 'पेमेंट थांबवा' असं लेखी पत्र द्यावं, त्यात चेक कोणाला, कोणत्या महिन्यात, कशासाठी दिले आणि आता काही देणं नाही हे लिहावं. पत्राच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्यावा. याच मजकुराचं पत्र एजंटला पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावं.

खातं मात्र बंद करू नका. खातं बंद म्हणून चेक परत आला तरी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, लागतं. पेमेंट थांबवल्यानेही ते आपोआप टळत नाही. पण खात्यात पुरेशी शिल्लक आहे आणि थांबवण्याचं कारण आधीच लेखी दिलंय, हे दाखवता आलं तर बचाव भक्कम होतो. चेक परत गेलाच तर बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत एजंटने वडिलांना नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस वडिलांच्या हाती असतात. ते १५ दिवस गप्प बसण्यात घालवणारे लोक पुढे वर्षानुवर्षं तारखा मोजतात. नोटीस आली की उत्तर गेलंच पाहिजे.

डिग्री अडवून ठेवायचा एजंटला काही हक्क नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू दबावासाठी दाबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारीपात्र न्यासभंग ठरू शकतो. विद्यापीठातून दुसरी प्रत मिळेल, पण त्यावर समाधान मानू नका. मूळ प्रमाणपत्रामागे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलातीचे शिक्के असतात. दुसऱ्या प्रतीवर ते सगळे नव्याने घ्यावे लागतील. एजंटला पाठवायच्या पत्रातच डिग्री आणि चेक परत करायला सात दिवसांची मुदत द्या. नाही दिले तर पोलिसांत तक्रार आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा चालतो. मुदत दोन वर्षांची आहे. एजंटला दिलेल्या पैशाबद्दल काही मागायचं असेल तर ती जवळपास संपत आली असेल, म्हणून पावत्या आजच काढा.

तुमच्या गैरहजेरीत वडील हे करतील, तर त्यांना मुखत्यारपत्र द्या. ते दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घ्या. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर सांगलीच्या मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे राहून जातं आणि ऐन वेळी कागद अडतो.

आता करार. ५,२०० या आकड्याकडे बघू नका, त्याच्या वरच्या, मूळ पगाराच्या ओळीकडे बघा. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या मूळ पगारावर निघते, एकूण पगारावर नाही. पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. तुमचा आजचा मूळ पगार ३,००० म्हणजे दिवसाला १००, वर्षाला २,१००. आज दोन वर्षांवर थांबलात तर ४,२०० दिरहम हातात येतात. नव्या करारात मूळ पगार २,००० झाला की वर्षाला १,४००. आणि सेवा अखंड धरली जात असल्याने हाच दर मागच्या दोन वर्षांनाही लागतो. चार वर्षांचे ५,६०० होतात. म्हणजे पुढची दोन वर्षं शिकवून ग्रॅच्युइटीत भर पडते ती फक्त १,४०० दिरहमची. मूळ पगार ३,००० राहिला असता तर चार वर्षांचे ८,४०० मिळाले असते.

वाढ महिन्याला २०० म्हणजे चोवीस महिन्यांत ४,८००. त्यातून ग्रॅच्युइटीतले २,८०० गेले, उरले २,०००. महिन्याला जेमतेम ८३ दिरहम. त्यातूनच आता दोन्ही उन्हाळ्यांची तिकिटं तुम्ही काढायची. शिल्लक रजेचे पैसेही मूळ पगारावरच मिळतात. याला मी पगारवाढ म्हणणार नाही.

मूळ पगार तुमच्या सहीशिवाय कमी करता येत नाही आणि तुमच्या हातातली खरी ताकद हीच आहे. मुदत संपल्यावर नवा करार न करता दोन्ही बाजूंनी काम चालू ठेवलं तर जुनाच करार जुन्याच अटींवर वाढला असं त्या देशाचा कायदा मानतो. वर्क परमिटच्या नूतनीकरणाला तुमची सही लागते, म्हणून शाळेला घाई आहे.

८,००० च्या कलमाची फार धास्ती घेऊ नका. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कर्मचाऱ्याकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करायला तिथे मनाई आहे. मध्येच सोडायचं तर करारातली नोटीस पाळायची, ती ३० ते ९० दिवसांची असते. न पाळल्यास त्या दिवसांच्या पगाराइतकी भरपाई. पण "नंतर बघू" म्हणून असं कलम सहीखाली ठेवू नका. सोडताना हिशेबातून ८,००० कापले गेले तर ते परत मिळवायची धावपळ तुमची.

माझं मत स्पष्ट आहे : हा करार आहे तसा करू नका. शाळेला ई-मेल लिहा, तोंडी नको. मूळ पगार ३,००० कायम, तिकीट कायम, ८,००० चं कलम काढा, मुदत एका वर्षाची, असं मागा. मान्य झालं तर एक वर्ष थांबण्यात काही वावगं नाही. होकार एचआरच्या तोंडी शब्दावर मानू नका. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या अॅपवर नोंदलेल्या करारात तोच आकडा आहे का ते पाहा, कारण वादात तोच कागद चालतो. नूतनीकरणाच्या गठ्ठ्यात "आजवरचं सर्व देणं मिळालं" असा एक कागद घुसडलेला असतो. पैसे खात्यात आल्याशिवाय त्यावर सही नाही.

शाळेने नकार दिला तर परत या. मुदत पूर्ण होऊन करार संपला तर दंड नाही. फक्त 'नूतनीकरण नको' हे किती दिवस आधी कळवायचं, ते जुन्या करारात वाचा. सगळा हिशेब करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यायचा असतो आणि दुसरी नोकरी धरली नसेल तर परतीचं तिकीटही शाळेकडे. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार करार ३१ ऑगस्टपर्यंत असल्याने तुमचाच आहे. "३० जूनपासून राजीनामा द्या" म्हणाले तर देऊ नका. अनुभव प्रमाणपत्र फुकट द्यायचं बंधन आहे. त्यात पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शेवटचा पगार येऊ द्या. पासपोर्ट कोणी ठेवून घेऊ शकत नाही. पैसे अडकले तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयात तक्रार करा. ५०,००० दिरहमपर्यंतचे दावे मंत्रालय स्वतः निकाली काढतं. भारतीय दूतावासाच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा अमिरातीतला निःशुल्क क्रमांक ८०० ४६३४२ आहे.

क्रेडिट कार्ड असेल तर अंतिम हिशेब खात्यात यायच्या आधी ते चुकतं करून बंद केल्याचं पत्र घ्या. नोकरी संपल्याची रक्कम आली की बँका बऱ्याचदा खातं गोठवतात आणि विमानाच्या आदल्या दिवशी माणूस अडकतो.

एक बाब प्राप्तिकराची. सप्टेंबरच्या सुरुवातीला कायमच्या परत आलात तर मार्चअखेर तुमचे भारतात १८२ पेक्षा जास्त दिवस होतात. त्या वर्षी तुम्ही करासाठी भारतात निवासी ठरता आणि एप्रिल ते ऑगस्टचा शारजातला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तो साधारण सहा लाखांच्या घरात जाईल. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य येईल. पण विवरणपत्र भरायचंच आणि त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात शारजाचं बँक खातं नोंदवायचं. इथलं एनआरई (परदेशस्थ भारतीयांसाठीचं) खातंही परतल्यावर बँकेत अर्ज देऊन निवासी करून घ्या.

ई-मेल पाठवण्याआधी वडिलांचं बँकेतलं पत्र जाऊ द्या. शिक्क्याच्या प्रतीचा फोटो तुमच्या फोनवर आला की मग शाळेशी बोला.