रोबो आला, तर वेल्डरनं काय करायचं?

प्रश्न : काका, मी 24 वर्षांचा आहे. तीन वर्षं फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेट, जिने, टाक्यांचे स्टँड जोडतोय. हात बसलाय असं सगळे म्हणतात, पण जवळ सर्टिफिकेटचा कागद एकही नाही. मोठ्या कारखान्यांत आता रोबो वेल्डिंग करतात, म्हणून घरचे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, शिकायला सांगतात. ट्रेड बदलू का?
– एक वेल्डर

उत्तर : बाळा, एकतीस वर्षं वेल्डिंगचा होल्डर धरला, आता पोरांना शिकवतो. तुझ्या पत्रातला रोबो मला तितका टोचला नाही, जितकं ते ‘कागद एकही नाही’ टोचलं.

कारखान्यातला पहिला रोबो 1961 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. डायकास्टिंगचे तापलेले भाग उचलायचं काम होतं त्याला. वेल्डिंगकडे तो नंतर वळला आणि तिथंही त्याला लागतं तेच ते काम : एकसारखा पत्रा, एकसारखा जॉइंट, हजारोंनी. तुझ्या जिन्यात एका टोकाला गॅप दोन मिलिमीटर असतो, दुसऱ्या टोकाला चार. तू तो हातानं सांभाळून भरतोस. नेहमीच्या रोबोला ते झेपत नाही. शिवाय त्याची सेटिंग बसवायलाही आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, ओळखणारा माणूसच लागतो.

तेव्हा ट्रेड सोडू नकोस, काम बदल. पाइप शिक. टिगनं, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशानं करायच्या वेल्डिंगनं, रूट, म्हणजे जॉइंटचा सगळ्यात आतला पहिला थर, आणि वर रॉडनं भरणी. आणि सिक्स-जी पोझिशनची टेस्ट दे. यात पाइप 45 अंशांत तिरपा पक्का बांधतात. तो फिरवायचा नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. एकाच जॉइंटमध्ये आडवं, उभं, डोक्यावरचं सगळं येतं, म्हणून बॉयलर आणि प्रेशर पाइपच्या कामात ही टेस्ट पास झालेल्याला बाकीच्या पोझिशन वेगळ्या द्याव्या लागत नाहीत.

पहिल्या खेपेला मी नापास झालो होतो. बाहेरून मणी, म्हणजे वेल्डिंगची रेघ, असा सुरेख की हात फिरवावासा वाटावा. पाइप कापला, तर खाली, सहाच्या काट्यावर (घड्याळात सहाचा आकडा असतो तिथं), आतून रूट बाहेरच्या बाजूला ओढला गेलेला, नखानं चाचपता येईल एवढा खोलगट. तिथं वितळलेला धातू पाइपच्या आत शिरायच्या ऐवजी वजनानं बाहेर, आपल्याकडे लोंबतो. गॅप, करंट आणि हाताचा वेग जुळेपर्यंत दोन महिने मी फक्त तो खालचा भाग मारत बसलो. आजही माझी पोरं तिथंच अडकतात.

एवढं जमलं की कामाची जागा बदलता येते. बॉयलरच्या नळ्या, रिफायनरी, जहाजबांधणी. दूध आणि औषधांच्या कारखान्यांतल्या स्टेनलेसच्या लाइन तर वेगळीच दुनिया. पाइपमध्ये आतून आर्गॉन सोडला नाही, तर रूट साखरेसारखा रवाळ आणि काळा होतो, त्या खाचांत दूध अडकतं नि जंतू धरतात. तिथं हाताला मान आहे.

कागद का हवा, तर प्रोसेस, धातू, जाडी आणि पोझिशन सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि अनोळखी सुपरवायझर तेच वाचतो. मात्र सहा महिने त्या प्रोसेसनं काम केलं नाही, तर बहुतेक ठिकाणी तो रद्द धरतात. म्हणून वहीत तारीखवार नोंद ठेव आणि सुपरवायझरची सही घे.

सीएनसी वाईट नाही. बारीक माप घेणारा मायक्रोमीटर हातात घेतला की तुझं मन रमत असेल, तर जरूर जा. भीतीपोटी गेलास, तर तिथंही तीन वर्षांनी हेच पत्र लिहिशील.

एक गोष्ट मात्र रागावून सांगतो. धूर टाळ. 2017 मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं वेल्डिंगचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत धरला. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. धूर ओढणारी नळी मागून घे, योग्य मास्क लाव. बंद टाकीत आर्गॉन साठला, तर वास येत नाही, दिसत नाही. माणूस आत उतरतो, श्वासाला हवा मिळत नाही आणि कोसळतो. बाहेर सोबती उभा नसेल, तर उतरायचं नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

या रविवारी भंगारातल्या पाइपचे दोन तुकडे घे, 45 अंशांत बांध, रूट मार आणि उभा कापून आतून बघ. सहाच्या काट्यावर काय दिसलं, ते मला कळव.