वडिलांचा फ्लॅट दादरला, मी बेंगळुरूला. प्रोबेटसाठी चांगला स्थानिक वकील कसा शोधावा?

तुम्ही लिहिलंय की वडील चार महिन्यांपूर्वी गेले. दादरचा फ्लॅट त्यांनी मृत्युपत्राने आईला दिलाय, एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) म्हणून तुमचं नाव आहे, बहिणीची काही हरकत नाही आणि साक्षीदार म्हणून वडिलांच्या दोन मित्रांच्या सह्या आहेत. सोसायटी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मागतेय, आणि इंटरनेटवर शोधलं की वकिलांची रांग लागते. त्यातला कोण निवडावा, हे कळत नाही.

मी वकील नाही. माझ्या बाबांच्या माहीमच्या घरासाठी 2017 ते 2019 ही दोन वर्षं मी यात घालवली. आधी चुकीच्या माणसाकडे गेले, मग योग्य माणूस सापडला. दोघांमधला फरक पहिल्या अर्ध्या तासातच दिसला होता, पण तेव्हा मला तो ओळखता आला नाही. तुम्हाला ओळखता यावा म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ‘स्थानिक’ म्हणजे कुठला, ते बघा. वडील जिथे राहत होते किंवा मिळकत जिथे आहे, तिथल्या कोर्टात अर्ज करायचा असतो. तुम्ही बेंगळुरूला राहता याचा त्याच्याशी संबंध नाही. बृहन्मुंबईसाठी हा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांची कामं बघणाऱ्या, विभागात जातो. त्या विभागाचे अर्जाचे नमुने, अर्जातल्या त्रुटींवर निघणारे तिथले आक्षेप, तिथल्या टेबलांची पद्धत हे सगळं वेगळं आहे. दिवाणी दावे उत्तम लढवणारा वकीलही तिथे नवखा असू शकतो. ठाण्याचा किंवा पुण्याचा ओळखीचा वकील ‘करून देतो’ म्हणाला, तरी शेवटी तो मुंबईतल्याच कोणाला तरी काम देणार आणि तुम्ही दोघांच्या मधे लटकणार. (कोणाचं घर गोव्यात असेल तर तिथलाच वकील घ्या. तिथे वारसाहक्काचं काम इन्व्हेंटरी प्रोसीडिंग नावाच्या वेगळ्या प्रक्रियेने चालतं, त्याचा 2012 चा वेगळा कायदा आहे. मुंबईचा अनुभव तिथे कामाला येत नाही.)

दुसरं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: प्रोबेट लागणार आहे का, हेच आधी विचारा. आमच्या वेळी प्रश्नच नव्हता. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 213 मुळे मुंबई, कोलकाता, चेन्नईतल्या मिळकतीच्या बाबतीत हिंदू माणसाच्या मृत्युपत्राचा हक्क प्रोबेटशिवाय कोर्टात सांगता येत नसे. पुणे-नाशिकला ही सक्ती नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने हे कलमच काढून टाकलं. सक्ती गेली, पण प्रोबेट घेण्याची सोय आहेच. घरात वाद होण्याची शक्यता असेल, किंवा पुढे फ्लॅट विकताना गिऱ्हाईक अडून बसेल असं वाटत असेल, तर अजूनही ते घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. सोसायट्यांना जुनी सवय आहे, म्हणून त्या मागत राहतात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-13 मध्ये सभासद गेल्यावर हस्तांतरणासाठी मृत्युपत्राचे कागद, वारसाचं प्रमाणपत्र, कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त असे पर्याय दिलेले आहेत. म्हणून सोसायटीकडून मागणी लेखी घ्या. मग प्रत्येक वकिलाला हाच प्रश्न विचारा: 213 गेल्यानंतर आमच्या प्रकरणात प्रोबेट घ्यावं का, आणि का? जो क्षणाचाही विचार न करता ‘घ्यावंच लागतं’ म्हणेल, त्याने कायदा वाचलेला नाही किंवा त्याला फक्त तुमची फी दिसतेय. ‘तुम्हाला कदाचित माझी गरजच नाही’ असं म्हणू शकणारा वकील भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवा.

आता माझं काय झालं ते सांगते.

पहिले वकील नातेवाइकांच्या ओळखीतून मिळाले. ऑफिस मोठं, वागणं गोड. मी मृत्युपत्राची फाइल पुढे केली, तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. पहिला प्रश्न आला, ‘फ्लॅटची आजची किंमत किती?’ मग किमतीच्या दोन टक्के फी सांगितली. निम्मी आगाऊ, निम्मी काम झाल्यावर. मी चेक दिला, पावती मागितली नाही. नंतर दर महिन्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘फाइल झालंय, नंबर पडायचाय.’ अकरा महिन्यांनी मी स्वतः चौकशी केली तेव्हा कळलं की अर्ज दाखलच झालेला नव्हता. त्या अकरा महिन्यांत मृत्युपत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी एक, बाबांचे गिरणीतले मित्र, वारले. माझा जीव गेला तो पैशांपेक्षा या गोष्टीने.

कारण प्रोबेटच्या अर्जाला मृत्युपत्रावरच्या किमान एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. ‘अमुक यांनी माझ्यासमोर सही केली, ते शुद्धीत होते, मग आम्ही दोघांनी सह्या केल्या,’ असं त्याने शपथेवर सांगायचं. दोन्ही साक्षीदार गेले की सह्या ओळखणारी माणसं शोधत फिरावं लागतं आणि सोपं काम अवघड होऊन बसतं.

दुसऱ्या वकील बाई फोर्टमध्ये एका जुन्या इमारतीत, दोन टेबलांच्या खोलीत बसायच्या. त्यांनी आधी हात पुसले, मग मृत्युपत्र हातात घेतलं. पानं मोजली. प्रत्येक पानावर खाली बाबांची सही आहे का, ते बोट फिरवत पाहिलं. स्टेपलच्या जागी दोन जादा भोकं होती, ती उजेडात धरून बघितली आणि विचारलं, ‘हे कोणी सुटं केलं होतं का?’ झेरॉक्ससाठी मीच काढलं होतं. ‘ठीक आहे, पण आता हात लावू नका. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.’ मग शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे दोघे कुठे असतात? तब्येत कशी आहे?’ एक गेले आणि दुसरे नाशिकला असतात, असं सांगितल्यावर त्यांनी फीचा विषय बाजूला ठेवला आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्याच आठवड्यात तयार केला. दुसरे साक्षीदार आमचे फॅमिली डॉक्टर, वय 78. त्यांना मी स्वतः गाडीने मुंबईला आणलं.

म्हणून तुम्हाला सांगते, पहिल्या भेटीत वकील काय सांगतोय यापेक्षा काय विचारतोय, ते ऐका. मूळ मृत्युपत्र कुठे आहे, साक्षीदार हयात आहेत का, वारस कोण कोण आणि सगळे संमतीचं प्रतिज्ञापत्र देतील का, वडिलांवर काही कर्ज होतं का, बँकेत आणि शेअर्समध्ये काय आहे. हे प्रश्न आले तर माणूस या कामातला आहे. अर्जासोबत मालमत्तेची आणि देण्यांची यादी जोडावीच लागते, त्यामुळे हे काम करणाऱ्याच्या तोंडात ते बसलेलेच असतात.

असा माणूस शोधायचा कुठे? इंटरनेटवरच्या ‘टॉप टेन’ याद्यांवर जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, मग यादीत वर कोण आणि का, हा प्रश्न उरतोच. मला दुसऱ्या बाई मिळाल्या त्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींमुळे. गेल्या चार-पाच वर्षांत बिल्डिंगमध्ये प्रोबेटची प्रत देऊन शेअर सर्टिफिकेट कोणी नावावर करून घेतलं, हे त्यांच्या फाइलमध्येच असतं. त्या घरी चहाला जा आणि किती महिने लागले, शेवटी एकूण खर्च किती आला, फोन उचलायचे का, एवढं विचारा. वडिलांच्या सीएलाही विचारा. दोन-तीन नावं मिळाली की प्रत्येकाला सल्ल्याची फी देऊन भेटा. फुकट भेटीपेक्षा ते बरं पडतं, मनात दडपण राहत नाही. सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा तो क्रमांक प्रत्येक वकिलाकडे असतो.

पैशांचं बोलणं कोर्ट फी आणि वकिलाची फी असं वेगळं करून घ्या. महाराष्ट्रात प्रोबेटची कोर्ट फी जास्तीत जास्त 75,000 रुपये आहे. दादरचा फ्लॅट म्हटल्यावर ती पूर्ण लागणार, पण त्याच्या वर एक रुपयाही नाही. कोणी ‘कोर्टाचे दीड-दोन लाख’ म्हणत असेल तर तिथून उठा. वकिलाची फी ठोक ठरवा आणि टप्प्यांनी द्या: मसुदा झाला की काही, अर्ज दाखल होऊन नंबर मिळाला की काही, प्रोबेट हातात आलं की उरलेली. वृत्तपत्रातली नोटीस, टायपिंग, नोटरी, प्रमाणित प्रती यांचा खर्च फीत धरलाय की वेगळा, हेही लिहून घ्या. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळकतीत वाटा मागणं वकिलांना नियमानेच मना आहे. माझ्या पहिल्या वकिलांचं ‘निम्मी फी काम झाल्यावर, किमतीच्या टक्क्यांत’ ऐकून मी तेव्हाच उठायला हवं होतं. हे वाचणाऱ्या एखाद्या ताईंना फी परवडतच नसेल तर त्यांनी विधी सेवा समितीकडे जावं. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तुम्ही दूर असल्यामुळे नंबर हीच तुमची दोरी. अर्ज दाखल झाला की आधी लॉजिंग, म्हणजे तात्पुरता, नंबर मिळतो, ऑफिसचे आक्षेप दूर झाले की पक्का. तो हातात आला की उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण कुठवर आलंय ते तुम्ही बेंगळुरूहून रात्री अकरा वाजताही बघू शकता. नंबर नाही, म्हणजे अर्ज नाही, असंच धरून चाला. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा होतं, तोवर ते कोणाच्या ऑफिसात ठेवू नका. पहिल्या भेटीला रंगीत प्रत न्या. मूळ दाखवायचं असेल तर समोर बसून दाखवा आणि परत बॅगेत घाला.

वकील महिनाभराने ठरला तरी चालेल. वडिलांच्या त्या दोन मित्रांना मात्र आज संध्याकाळीच फोन करा. कुठे राहतात, आधार कार्डावरचं नाव आणि मृत्युपत्रावरचं नाव जुळतं का, मुंबईला यायला जमेल का, हे विचारा. त्यांच्या मुलांचेही नंबर घेऊन ठेवा.