नोटीस दिली म्हणून मुदत थांबत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. त्यांचा धाकटा भाऊ पैलवान होता. गेल्या एप्रिलमध्ये गावच्या यात्रेच्या मैदानात कुस्ती चालू असताना, भरल्या मैदानासमोर तो कोसळला आणि बेळगावच्या सिव्हिलला नेईपर्यंत गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात एका यूट्यूब चॅनेलवर व्हिडिओ आला. पोरगा इंजेक्शनं घेत होता. घरच्यांनी यात्रा कमिटीकडून पंचवीस लाख घेऊन प्रकरण मिटवलं आणि पोस्टमार्टेम होऊ दिलं नाही. बायकोचं बाहेर प्रकरण होतं, त्या धसक्याने तो खचला होता. असं सगळं त्यात ठासून सांगितलं होतं. वाचक विचारतात, "माझ्या भावाचं नाव खराब करणाऱ्यावर काय कारवाई होईल?"

अशी पत्रं हल्ली सारखी येतात. कुठे अपघात असतो, कुठे मोर्चातली चेंगराचेंगरी, कुठे दवाखान्यातला मृत्यू. माणूस चारचौघांत गेला की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरच्यांची गोष्ट दुसराच कोणीतरी सांगत असतो. तेव्हा बदनामी म्हणजे काय, इथपासून मी सुरुवात करत नाही.

साहेब, तुमच्या चार पानी पत्रातली कामाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. "जूनमध्ये वकिलामार्फत नोटीस दिली, त्याने माफीचा व्हिडिओ टाकतो असं कळवलंय, म्हणून थांबलो आहोत." आता मार्च चालू आहे. तुम्ही थांबलात, मुदत थांबलेली नाही.

बदनामीच्या नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षात दाखल करावा लागतो. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७५. वर्ष मोजायचं ते मजकूर प्रसिद्ध झाला त्या दिवसापासून. तुम्हाला व्हिडिओ कधी दिसला, कोणी पाठवला, याचा हिशेब त्यात धरत नाहीत. नोटीस दिल्याने ही मुदत वाढत नाही, समोरच्याने "टाकतो, टाकतो" म्हटल्यानेही नाही. बदनामीच्या दाव्याआधी खासगी माणसाला नोटीस द्यायलाच हवी असं कायदा कुठे म्हणतही नाही. आणि "उशीर माफ करून घेऊ" असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. उशीर माफ करण्याचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागतं, मूळ दाव्याला लागत नाही. घरात दुखवटा होता, आईने अंथरूण धरलं होतं, हे सगळं खरं असलं तरी न्यायाधीशांच्या हातात काही उरत नाही.

दुसरी समजूत अशी, की व्हिडिओ अजून चॅनेलवर आहे, म्हणजे रोज नव्याने बदनामी होते आणि मुदतही रोज नव्याने सुरू होते. हा युक्तिवाद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळला. इंटरनेटवरच्या मजकुराचीही मुदत पहिल्यांदा टाकला त्या दिवसापासून मोजायची, असं ठरवलं. तो निकाल आपल्याकडच्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण त्याच्या विरुद्ध जाऊन स्वतःच्या घरचा दावा पणाला कशाला लावायचा? त्याच माणसाने नोव्हेंबरमध्ये टाकलेली रील नव्या मजकुराची असेल तर तिची तारीख वेगळी धरता येईल, असं मला वाटतं. तो राखीव मुद्दा म्हणून ठेवा. दावा मेच्या पहिल्या व्हिडिओवरच उभा राहिला पाहिजे, म्हणजे एप्रिलमध्ये दाखल झाला पाहिजे. मुदतीचा शेवटचा दिवस उन्हाळी सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतो, हे खरं. पण ती सोय अडल्यानडल्यासाठी आहे.

आता दावा कोणाचा, ते बघू. तुम्ही भावाच्या नावासाठी दाद मागता. दिवाणी कोर्टात ती मिळणार नाही. गेलेल्या माणसाच्या अब्रूचा दावा वारसांकडे येत नाही. शेत येतं, घर येतं, हे येत नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खासगीपणाचे आणि प्रसिद्धीचे त्याचे हक्क त्याच्याबरोबरच संपले. तेव्हा इंजेक्शनचा मुद्दा दिवाणी दाव्याचा कणा होऊ शकत नाही. कणा आहे तो पंचवीस लाखांचा, पोस्टमार्टेमचा आणि तुमच्या भावजयीबद्दलच्या वाक्याचा. ही बदनामी जिवंत माणसांची आहे. 'कुटुंब' म्हणून दावा घालू नका. आई, वडील, तुम्ही, भावजय, ज्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते वाक्य त्याच्या नावापुढे, मिनिट-सेकंदासह लिहा.

भावासाठी रस्ता फौजदारी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या पहिल्या स्पष्टीकरणात मृत व्यक्तीची बदनामीही गुन्हा धरली आहे, पण दोन अटींवर. ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता, ही पहिली. आणि ते बोलण्यामागे जवळच्या नातेवाइकांचं मन दुखावण्याचा हेतू होता, ही दुसरी. हा हेतूच अवघड जातो. चॅनेलवाला म्हणेल, मला व्ह्यूज हवे होते, दुखवायचं नव्हतं. तुम्ही नोटिशीसोबत पोस्टमार्टेमचा अहवाल जोडला होता आणि तरीही त्याने रील टाकली असेल, तर हेतूबद्दल बोलायला जागा आहे. जोडला नव्हता, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. का जोडला नाही, ते तुम्हीच जाणे. या तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा ती दाव्यानंतर केली तरी चालेल. पोलिसांनी दोनदा परत पाठवलं म्हणून तुम्ही चिडला आहात. इथे पोलिसांचं फारसं चुकलेलं नाही. बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, तक्रार थेट मॅजिस्ट्रेटकडे करायची. नव्या प्रक्रिया संहितेप्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडू द्यावं लागतं, शिवाय तो कोर्टाच्या हद्दीबाहेर राहतो म्हणून आधी चौकशी. म्हणजे तारखा. महाराष्ट्राने २००४ साली केलेला सीमेचा दावा अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्या भागाला तारखांची सवय नव्याने लावायला नको.

चॅनेलवाला महाराष्ट्रातल्या चंदगडचा, तुम्ही कर्नाटकातल्या खानापूरचे, म्हणून "इथे केस होत नाही" असं तुम्हाला कोणी सांगितलं? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ वाचायला सांगा त्यांना. प्रतिवादी जिथे राहतो तिथे किंवा नुकसान जिथे झालं तिथे, वादीला निवड आहे. व्हिडिओ तुमच्या गावात बघितला गेला, नाव तुमच्या गावात गेलं. समन्स सीमा ओलांडून जातं. फक्त व्हिडिओ मराठी आहे, तेव्हा त्याचा शब्दशः उतारा आणि इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर दाव्यासोबतच तयार ठेवा. नाहीतर पहिले काही महिने त्यातच जातील.

पुराव्याची तुमची अवस्था मात्र वाईट आहे. स्क्रीनशॉटवर तारीख नाही, लिंक नाही, आणि ज्या मोबाइलवर व्हिडिओ उतरवला होता तो तुम्ही दसऱ्याला एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. आजच्या आज मूळ व्हिडिओ आणि रील लिंकसह पुन्हा उतरवून घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक, असते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. असं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात जुन्या कायद्याखाली स्पष्ट केलं आहे.

तुमची खरी ताकद यूडीआरच्या, म्हणजे पोलिसांच्या अनैसर्गिक मृत्यूच्या नोंदीच्या, फाइलमध्ये आहे. मैदानात असा मृत्यू झाल्यावर पोलिसांनी नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा केला आणि शव सिव्हिलला पाठवलं. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असली की शवविच्छेदनाचा निर्णय पोलिसांचा असतो. घरच्यांनी "होऊ दिलं नाही" हे कायद्यानेही बसत नाही आणि कागदानेही. पोस्टमार्टेमचा अहवाल आणि व्हिसेऱ्याचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा, प्रयोगशाळेचा अहवाल, दोन्हींच्या प्रमाणित नकला काढा. व्हिसेऱ्याचा अहवाल आल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. नसेल आला तर पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या. तो हातात येईपर्यंत "भावाने कधी काही घेतलं नव्हतं" असं वाक्य शपथेवर लिहू नका. तालमीतलं सगळं घरी कळतं असं नसतं.

आणि ते पन्नास हजार. कमिटीने अंत्यविधीच्या वेळी दिले, हे तुम्ही एका ओळीत उरकलं आहे. समोरचा वकील त्या एका ओळीवर अर्धा दिवस उलटतपासणी घेईल. दाव्यात ते तुम्हीच आधी सांगा: किती, कोणी, कशासाठी, पावती आहे का. मदत घेणं आणि प्रकरण मिटवणं यांतला फरक कोर्टाला कळतो. लपवलेली रक्कम मात्र त्याला दुसऱ्याच रंगात दिसते.

भरपाई एक कोटी मागू नका. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर बसते. व्हिडिओ लगेच काढायचा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागा, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात असे आदेश सहजासहजी देऊ नयेत असं बजावलं आहे. तुमच्याकडे सरकारी अहवाल आहे म्हणून निदान पोस्टमार्टेमच्या वाक्यापुरती आशा धरायला हरकत नाही. तुमच्या मेहुण्याने फेसबुक लाइव्हवर कमिटीच्या लोकांना नावं घेऊन जे म्हटलं, ते आता डिलीट करू नका आणि पुन्हा करूही नका. त्याबद्दल उलट दावा येऊ शकतो.

माफीचा व्हिडिओ दाव्यानंतरही घेता येतो, उलट तेव्हाच बरा मिळतो. त्यातला मजकूर तुमच्या वकिलाने लिहावा: त्याच चॅनेलवर, तेवढ्याच ठळक मथळ्याने, पोस्टमार्टेम झालं होतं आणि पंचवीस लाखांना आधार नव्हता हे स्वच्छ शब्दांत. नुसतं "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" चालवून घेऊ नका.

एक राहिलं. त्या व्हिडिओतलं सगळ्यात वाईट वाक्य तुमच्या भावजयीबद्दल आहे, आणि पत्रात त्यांचं म्हणणं कुठेच नाही. त्या वाक्याचा दावा त्यांचा आहे. तो तुम्हाला घालता येणार नाही आणि तडजोडही त्यांच्यावतीने करता येणार नाही. त्या माहेरी आहेत असं लिहिलं आहे. आधी तिकडे जा, त्यांना हे प्रकरण कोर्टात न्यायचं आहे का ते विचारा, आणि हो म्हणाल्या तर वकीलपत्रावर सही करायला त्यांना सोबत घेऊनच बेळगावला या.